दोन शब्दांची ओळ

आमच्या गोव्यातल्या सर्वण गावात लांब ओळ लिहायची कुणाची टाप नाही. लग्नाची पत्रिका असो, पंचायतीची नोटीस असो, नाहीतर कुणाच्या बारशाचा बॅनर असो, सोयरूकाका परब त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. डावीकडून उजवीकडे मान नेतात, परत आणताना मध्येच अडखळतात आणि कपाळावर हात मारून घेतात. "मेलो! वाचणारो मेलो! लांब ओळ म्हणजे मरण!"

नुसतं म्हणून थांबले असते तर बरं होतं. एकदा जत्रेला देवळासमोर रस्ताभर लांबीचा बॅनर लागला. काकांनी पोरांना सांगून तो मधोमध कापून घेतला आणि दोन तुकडे एकाखाली एक टांगले. वाचायला खरंच सोपा झाला, नाही म्हणवत नाही. फक्त मधोमध देणगीदाराचा फोटो होता. त्याचं अर्धं तोंड वर गेलं आणि अर्धं खाली आलं. तो गृहस्थ दर्शन न घेताच साखळी शहराला परत गेला.

सोयरूकाकांची नोकरी खाणीच्या ऑफिसात होती. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. पण गाव त्यांना ओळखतं ते प्रॉम्प्टर म्हणून. आमच्याकडे जत्रेला मराठी नाटक झालं नाही तर देव कोपतो म्हणतात. देवाचं मला माहीत नाही, नट मात्र नक्की कोपतील. प्लंबर, ट्रक ड्रायव्हर, विम्याचा एजंट, सगळे नट. सगळ्यांना तोंडाला रंग हवा, आणि संवादांची नक्कल पाठ करायला वेळ एकालाही नाही. "काका आसात मरे विंगेंत!" म्हणून सगळे बिनधास्त उभे राहतात. चाळीसेक वर्षं गावाचं अर्धं नाटक विंगेतून कुजबुजत पार पडत आलंय.

बिनधास्त नाही तो मी एकटा. मी साखळीच्या शाळेत शिकवतो आणि मूळचाच भित्रा आहे. दरवर्षी माझ्याकडे इन्स्पेक्टरची भूमिका येते, कारण नाटक मंडळाकडे जो पोलिसी गणवेश आहे तो माझ्याच मापाचा आहे. "हात वर करा!" एवढंच माझं वाक्य असतं, पण पुढे माणसं बसलेली दिसली की माझेच हात वर जातील असं वाटत राहतं.

काकांची कुजबुज ही एक चीज होती. नटाच्या कानात बरोबर शिरायची, पहिल्या रांगेला पत्ताही लागायचा नाही. पण ही सवय त्यांना गावातही सुटेना. शोकसभेत सरपंच "ते आज आपल्यात..." म्हणून श्वास घ्यायला थांबले की मागून हळूच यायचं, "नाहीत." पाववाला पोदेर सकाळी सायकल थांबवून पाव मोजताना जरा घुटमळला की त्यालाही पुढचा आकडा मिळायचा. आणि आमच्या नटांना काकांचा आवाज कानावर पडला की विचार न करता बोलायची सवय. एका लग्नात नवरदेव उखाण्यात अडकला. तोही आमच्या मंडळातला, दोन अंकी नाटकातला खलनायक. मागून कुजबुज आली आणि पठ्ठ्याने खणखणीत आवाजात नाव घेतलं, "शशिकला!" नवरीचं नाव दीपाली. शशिकला म्हणजे सोयरूकाकांची बायको. काका म्हणाले, "माझ्या तोंडात तेंच नाव येता, मी तरी कितें करूं?" नवरीकडची माणसं मात्र जेवण होईपर्यंत ही शशिकला कोण म्हणून चौकशी करत होती.

लांब ओळीची धास्ती काकांना लागली ती शहरातून आणलेल्या एका दिग्दर्शकामुळे. त्या बाबाने आडव्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टाइप केलेलं नाटक आणलं. भर प्रयोगात ओळ संपवून परत येताना काकांची नजर एका ओळीने खाली उतरली. त्यांनी सांगितलं तसं नायिकेने हंबरडा फोडला, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ज्याच्यासाठी फोडला तो नवरा समोर खुर्चीत चहा पीत होता. त्याने एकदा विंगेत पाहिलं, कप खाली ठेवला आणि मुकाट्याने मेला. आमच्या नटांची शिस्तच तशी.

लोक पोट धरून हसले. काकांना मात्र ताप भरला. तेव्हापासून ते फुलस्केप कागद उभे कापतात आणि सगळं नाटक त्या पट्ट्यांवर स्वतःच्या हाताने उतरवून काढतात. "डोळो खाली उतरूंक जाय मास्तर. धांवूंक न्हय. धांवलो काय तो घर चुकता."

आता शशीकाकींविषयी सांगतो. गावात पोरं मिशा काढून नायिका होत होती त्या काळात रंगमंचावर उभी राहिलेली ही पहिली बाई. काका विंगेत, काकी उजेडात. काका सांगायचे, "लग्नाच्या आधी कितलीं नाटकां केलीं! हिका एक शब्द सांगचो पडलो ना. सगळे माझ्याकडे पळयतले, ही पळयना!" एकदाही विंगेत आपल्याकडे न पाहिल्याची ही तक्रार ते इतक्या अभिमानाने करायचे की काकी पदराआड हसत आत निघून जायच्या.

यंदाच्या जत्रेला पंचायतीच्या सेक्रेटरीने स्वतः नाटक लिहिलं. वाक्यं अगदी ठरावासारखी, सुरुवातीला सूचक आणि शेवटी अनुमोदक असावा अशी. त्यात मुलावर चोरीचा आळ आलेली एक आई आहे. मंडळाला वाटलं, ही आई शशीकाकींनीच करावी. काकींनी लगेच होकार दिला.

तालमीची वेळ विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी चहा आणला, समोर बसल्या आणि मायेने विचारलं, "आवय बरी मू तुजी?"

माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवसांत आमच्याकडे चूल बंद होती, तेव्हा भात-आमटी काकींच्याच घरून यायची. मी तोंड उघडणार इतक्यात त्यांच्या मागून काकांची, आईच्या जागी बायको सुचवणारी कुजबुज आली, "बायल... बायल बरी मू?"

"न्हय रे, बायल बरी मू तुजी?" काकी म्हणाल्या आणि हसल्या.

मी चहा अर्धवट ठेवून उठलो. काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. तिथे फाटकाची कडी उगाच वर-खाली करत उभे राहिले.

"समजलां तुमकां," ते म्हणाले.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"म्हापशाक व्हेल्लें. दोतोर म्हणता, वखदां, गुळयो घेवच्यो, पूण गेल्लें तें परत येवचें ना."

"मग नाटक कशाला, काका? नाही म्हणून टाका."

"कित्याक न्हय म्हणून विचारीत ती. कितें सांगूं?" त्यांनी कडी सोडली. "घरांत मी सगळें सांबाळून घेतां. ती म्हणता, मातशें इसरूंक जाता, पिराय जाली. पूण थंय लोकांमुखार गप्प रावली तर गांवाक कळटलें. गांवाचें सोडा मास्तर. तिका कळटलें."

त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. एरवी मला फक्त माझ्या वाक्याची भीती वाटायची. यंदा माझ्या वाटणीला काकींच्या भीतीचा एक वाटा आला, आणि काका तर नुसते भीतीवर जगत होते. त्यांना भात जाईना.

मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी बसींत वाचतात तो डबो म्हाका दितात?"

डबा म्हणजे बसमध्ये पुस्तकं वाचायचं माझं ई-रीडर. मस्कतच्या भावाने पाठवलेलं. त्यात अक्षरं लहान-मोठी करता येतात, ओळ आखूड-लांब होते, हे त्यांनी माझ्या खांद्यावरून कधीतरी पाहून ठेवलं होतं. मी सेक्रेटरीचं नाटक संगणकावर टाइप केलं आणि त्यात घातलं. पण काका घाईने काही ठरवणारे नव्हेत. त्यांना फोनवरही बघायचं होतं आणि शाळेच्या मोठ्या टॅबवरही. मी टॅब घरी नेतोय हे मुख्याध्यापकांना कळलं तर काय, या भीतीने तो भाजीच्या पिशवीत वर मुळे ठेवून नेला.

वाचायच्या वेगाची मोजणी झाली ती त्यांच्या स्वयंपाकघरात. घड्याळ वगैरे काही नाही. गॅसवर दूध ठेवायचं, वाचायला लागायचं, आणि दूध वर येईपर्यंत किती वाचून होतं ते पाहायचं. रोज मला फाटकाशी निकाल कळायचा.

"फोनार ओळ बरी आखूड. पूण पान लगेच सोंपता! वाचप उणें, बोट फिरवप चड. दूद गेलें उतून."

"आणि टॅब?"

"तो न्हय जावचो. शेत म्हणजे व्हडलें शेत, पूण बांद ना! डोळो त्या तोंकार गेलो काय परतून येतना भलत्याच वाफ्यांत. तीच ओळ दोनदां वाचली. दूद गेलें."

लोक बाजारात जाऊन मोठ्यात मोठा पडदा मागतात, आणि हा माणूस टॅब परत देताना विटाळ झाल्यासारखा दोन बोटांत धरून होता. शेवटी ई-रीडर जिंकलं. अक्षर मध्यम, एका ओळीत पाच-सहा शब्द. नजर एका दमात टोकाला जाते, न चुकता परत येते, आणि पानही सारखं उलटावं लागत नाही. पान वाचून झालं तरी दूध पातेल्यातच होतं. काकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. मीही निर्धास्त झालो. म्हटलं, विंगेत हे हातात असलं तर आता काकींना आख्खी वाक्यं झरझर सांगता येतील.

तर चार दिवसांनी परत हजर. "अक्षर मातशें व्हड करून दिया."

मोठं करून दिलं. आठवड्याने पुन्हा. "आनीक मातशें."

"अहो काका, ओळीत तीन शब्द मावताहेत आता! तुमच्याच मापाने वेग कमी होणार. पान उलटता उलटता दूध जाईल."

"वेग घाल चुलींत!" ते एकदम उसळले. असे ते कधी बोलत नसत. मी घाबरून अक्षर मोठं करून दिलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि सांगायला लाजतोय. म्हणजे काकींची आठवण गेलेली आणि काकांची नजर.

तालमींना काकी जेमतेम आल्या. "घरीं पाठ करून घेतां," काका सांगायचे आणि कुणी पुढे विचारायचं नाही.

हल्ली दहाला माईक बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. मी गणवेश चढवून रंगपटात पाणी पीत बसलो होतो. काकी नऊवारीत आल्या. सुंदर दिसत होत्या. हातात लाल वस्त्रात बांधलेली पोथी होती.

सेक्रेटरी धावत आला. "काकी, माझ्या नाटकांत पोथी ना!"

"आतां आसा," काका म्हणाले. सेक्रेटरी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प निघून गेला.

काकांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि वस्त्राची घडी जराशी उघडून दाखवली. आत माझं ई-रीडर होतं. पडद्यावर ही मोठी अक्षरं, आणि एका ओळीत दोनच शब्द.

"तुमच्यासाठी नव्हतं हे?"

"म्हाका कित्याक जाय? म्हाका सगळें नाटक पाठ आसा." ते कुजबुजले. "वाचताली ती. मी दूद सांबाळीत आसलों. लांब ओळ आसली काय शेवट येयसर सुरवात इसरता ती. पयलीं पाच शब्द रावताले. मागीर तीन. आतां दोन रावतात. म्हणून दोन शब्दांची ओळ."

मी वस्त्राची घडी परत नीट लावली. बाहेर नांदी सुरू झाली.

पहिला अंक निभावला. आई स्वयंपाक करताना पोथी वाचते, केर काढताना पोथी वाचते, मुलाला रागावतानाही नजर पोथीत. लोकांना वाटलं बाई फारच देवभोळी. मागे कुणीतरी हात जोडल्याचंही मी विंगेतून पाहिलं. संवाद जरा थांबत थांबत येत होते, पण आवाज तोच, जुना, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. समोरच्या विंगेत काका उभे होते. हात रिकामे, ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते.

मग माझा प्रवेश आला. मी मुलाला पकडायला येतो आणि आई मला अडवते. मी "हात वर करा!" म्हणालो. चक्क जमलं. मुलाने हात वर केले. आणि काकींनी, नटीच ती, मुलाच्या पुढे येत पोथी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. उघडून पुढे धरली तेव्हा मी शेजारीच होतो, मला आतलं दिसलं. दोन्ही अंगठे पडद्यावर दाबले गेले होते. अक्षरं मुंगीएवढी झाली होती, आणि ओळी या काठापासून त्या काठापर्यंत गच्च भरल्या होत्या.

काकी पाहत राहिल्या. एकदा त्यांनी डोळे मिटून उघडले. मग मान वर करून माणसांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती आई हळूहळू निघून गेली. मांडवात चूं नाही की चां नाही. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, त्यालाही त्याच्या आईने गप्प केलं. आता कळणार, सगळ्यांना कळणार, काकींना कळणार.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसल्या. इन्स्पेक्टरला नव्हे, मला.

"आवय बरी मू रे तुजी?"

मी काय करायला हवं होतं ते देवालाच ठाऊक. मी टोपी काढली. "बरी आहे, काकी," म्हणालो.

तेवढ्यात विंगेतून कुजबुज आली. आख्खं वाक्य नाही. दोनच शब्द. "माझो पूत..."

काकी वळल्या. सरळ विंगेत, काकांच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझो पूत," त्या म्हणाल्या.

"...चोर न्हय."

"चोर न्हय."

"तो तुजेसारकोच..."

"तो तुजेसारकोच."

"...आवयचो आसा."

सेक्रेटरीचा आख्खा ठराव काकांनी बाजूला ठेवला होता आणि घरच्या कोंकणीत दोन दोन शब्द देत होते. काकी एकेक घेत होत्या, बोलत होत्या, आणि पुढच्यासाठी परत त्यांच्याकडे पाहत होत्या. पडदा पडेपर्यंत असंच चाललं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. काकी तर खूशच होत्या, रंगपटात येऊन म्हणाल्या, "रंगलें मू?" गावाला काही कळलं नाही. उलट, अटक करायला आलेल्या पोलिसालाच त्याच्या आईची खुशाली विचारणारी आई लोकांना इतकी भिडली की सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात सांगत होता, "ती कल्पना माजी." मी म्हटलं, असेना का बापडी त्याची.

होळीचा शिगमो होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. ई-रीडर परत मागावं की मागू नये, वाटेत सगळा वेळ घोळत होतं. घरापुढच्या ओट्याच्या बाकांवर, म्हणजे आमच्या बल्कांवावर, दोघं समोरासमोर बसली होती. काकींच्या मांडीवर ई-रीडर होतं आणि त्या मोठ्याने वाचत होत्या. मी मागे जाऊन पाहिलं. एका ओळीत एकच शब्द होता.

"मास्तर, बरे आयल्यात," काका म्हणाले. "हाचेपरस व्हड जाता अक्षर?"

मी हातात घेऊन पाहिलं. अक्षर मोठं करायची पडद्यावरची खूण अगदी उजव्या टोकाला जाऊन टेकली होती. मी उगाच दोनदा बोट सरकवून पाहिलं, सरकेना. मग नाही म्हणून मान हलवली.

"बरें," काका म्हणाले. "म्हाका भंय दिसता मास्तर. खूब दिसता."

काकींनी पुढचा शब्द वाचला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बरोबर का, असं. काकांनी मान डोलावली. त्या परत खाली पाहून पुढचा शब्द शोधू लागल्या.

"सगळो जल्म विंगेंत उबो रावलों," काका अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले. "एकदां माझ्याकडे पळयलें ना हिणें. आतां दर शब्दाक पळयता."

मी ई-रीडर मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्याचा चार्जर त्यांच्याकडे देऊन गेलो.